एकदिश काच

नागपूरच्या प्रकाशशास्त्र प्रयोगशाळेत एका मोठ्या काचेच्या अलीकडे डॉ. वसुधा खापर्डे उभी होती आणि पलीकडे उष्णतातज्ज्ञ डॉ. तेजराम उईके. वसुधाने त्याला वाकुल्या दाखवल्या. तो ढिम्म हलला नाही, कारण त्याच्या बाजूने काच कोळशासारखी काळी होती.

"मी काय केलं ते दिसलं?" तिने दारातून डोकं काढून विचारलं.

"काही नाही. पण गडद फिल्मनेही हेच होतं की! लोक गाड्यांना लावतात, दवाखान्यांना लावतात."

"ती फिल्म फसवी असते. बाहेर उजेड जास्त असेल तोवरच आतलं झाकलेलं राहतं. संध्याकाळी घरात दिवा लावा, की रस्त्यावरच्याला सगळं दिसतं आणि आतल्याला फक्त स्वतःचं तोंड. या काचेवरचं पटल वेगळं आहे. थोडी वीज दिली की त्यातले चुंबकी कण प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देतात. उजेड कुठेही असो, आत येईल तो बाहेर जाणार नाही."

तेजरामने टाळी वाजवली. "पहिलं कुणाच्या घरी लावणार?"

"बाबांच्या."

वसुधाचे वडील भाऊराव जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर त्यांनी लहानपणची एक इच्छा पूर्ण करायला घेतली होती. ते कथक शिकत होते. अडचण एकच होती. समोरच्या इमारतीत, अगदी त्यांच्याच खिडकीसमोर, अ‍ॅडव्होकेट ढोबळे राहत होते. भाऊरावांनी भर कोर्टात त्यांना कितीदा तरी गप्प बसवलं होतं. तो माणूस आपल्याला गिरक्या घेताना बघेल, या धास्तीने भाऊराव ऐन मे महिन्यात जाड पडदे ओढून अंधारात नाचत.

एकदिश पटल लागलं आणि पडदे निघाले. "मला ढोबळे दिसतो, त्याला मी दिसत नाही! न्याय म्हणतात तो हाच," असं म्हणत भाऊरावांनी घुंगरू बांधले.

चार-पाच दिवसांनी वसुधा दुपारी घरी आली, तर भाऊराव जमिनीवर पडलेले. अंग भट्टीसारखं तापलेलं. तिने त्यांना आतल्या खोलीत ओढत नेलं, ओली चादर पांघरली, डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळी ते उठून बसले आणि त्यांनी पन्हं मागितलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. समोर एवढी वस्ती होती, पण ते पडलेले कुणालाच दिसले नव्हते.

बातमी कळताच तेजराम धावत आला. खिडकीजवळ हात धरून तो म्हणाला, "चूक माझीही आहे. आपण एसीत बसून चाचण्या केल्या. उष्णता म्हणजेही प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. तो आत येतो आणि परत जात नाही. ही खोली नाही, चूल आहे."

"मग पटल काढायचं?"

"काढायचं कशाला? उलटं लावा. आतली उष्णता बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. वीज नाममात्र, खोली थंडगार."

"आणि सगळ्या नागपूरला मी दिसेन!" भाऊराव ओरडले. "त्यापेक्षा भर चौकात नाचतो!" त्यांनी घुंगरू काढून कपाटात टाकले.

पण नागपूरकरांनी लाजेपेक्षा उन्हाचा विचार आधी केला. पटल बाजारात आलं, तशी घरोघरी, अगदी भाऊरावांकडेही, ते उलटंच लागलं. सराफांना दुकानातला माल रस्त्यावरून दिसायला हवाच होता, ते तर खूश झाले. गाड्यांना मात्र कुणी लावलं नाही. चालकाला रस्ताच दिसला नसता.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वसुधा जेवता जेवता थबकली. "बाबा, समोरच्या इमारतीतही सगळ्यांनी उलटंच लावलंय ना? मग त्यांना बाहेरचं काय दिसतं?"

भाऊरावांचा घास हातातच राहिला. "काहीच नाही. काळी भिंत."

"म्हणजे खिडकीतून कुणालाच कुणी दिसत नाही. दिसतं ते फक्त रस्त्यावरच्याला. आणि या उन्हात रस्त्यावर कोण उभं राहतंय?"

न्यायाधीशांना पुरावा हवा होता. डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते खाली उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. आतल्या दिव्यांनी उजळलेल्या खिडक्यांमध्ये माणसं आपापल्या नादात होती. एक जाडजूड गृहस्थ गादीवर कोलांट्या मारत होते. एक आजीबाई आरशासमोर भाषण ठोकत होत्या. आणि ढोबळे वकील मांडी घालून, डोळे मिटून, तबला बडवत होते.

भाऊराव उन्हाचं भान विसरून त्यांचे हात बघत राहिले. मग तसेच समोरच्या इमारतीचा जिना चढले आणि त्यांनी घंटी वाजवली.

दार उघडताच ढोबळ्यांचा चेहरा पडला. "साहेब... तुम्ही? माझा आवाज येतो का तिकडे?"

"आवाज नाही येत. पण वकीलसाहेब, तुम्ही समेवर पोहोचायची फार घाई करता. कोर्टातही हेच करत होतात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आत येऊ द्या, सांगतो," भाऊराव म्हणाले. "आणि तीनताल धरा. आज मी नाचणार आहे."

(ढोबळ्यांनी आधी दार लावून घेतलं.)