दोन बोल्टांवर

गच्चीवर अंथरुणं पडली होती, पण आडवं कोणीच झालं नव्हतं. काकांनी उशी मांडीवर ओढली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सांगतो. पण मध्ये कोणी खिदळलं तर मी उठून खाली जाईन. ही ऐकीव नाही हं. आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्याची आहे. माणूस अजून आहे, उद्या जाऊन विचारा हवं तर. तो बोलणार नाही, हे वेगळं."

काकांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून ते गॅरेज. गॅरेजवाल्याला सगळे दहाबारा म्हणत, कारण दहा-बाराचा पाना त्याच्या शर्टाच्या खिशात पेनासारखा खोचलेला असे. हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट घोकायला लावी: इंजिन आधी साखळीवर टांगून घ्यायचं, मग बोल्टला हात लावायचा.

तर हा दहाबारा एका सकाळी भंगारवाल्याकडे निघाला. काम साधंच होतं. त्याच्या वडिलांची जुनीपुराणी पिकअप घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. कंपनी केव्हाच बंद पडलेली, सुटे भाग मिळत नव्हते. मग उपाय एकच. तशीच दुसरी मोडकी गाडी आणायची आणि तिचे चांगले भाग काढून हिला लावायचे.

भंगारवाल्यानं तशी एक शोधून ठेवली होती. चाकं नव्हती, काचा नव्हत्या.

"मालक कोण होता हिचा?" दहाबारानं विचारलं.

"मला काय माहीत? पत्रिका बघून घेतोस का आता?" भंगारवाला हसला. "उचल आणि जा."

ती घरी आली, विटांच्या चार थरांवर चढली आणि तिचं नाव पडलं सांगाडा. दहाबाराची बायको पदराला हात पुसत दारात आली. "एक भंगार होतंच शेडमध्ये. त्याला सोबत म्हणून आणलंत वाटतं?"

"तू बघच. बाबांना या गाडीत बसवीन तेव्हा बोल."

त्यावर ती आत बाबांच्या खाटेकडे वळली. कारण सगळा जीव त्यातच अडकला होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाबांना लकवा मारला होता. वाचा गेली, पाय गेले. उरलं काय, तर सून भात भरवायची तेव्हा घशातून येणारं एक "हूं". खिडकीबाहेर फिरणारे डोळे. आणि उजवा हात. तो पांघरुणावर सावकाश गोल फिरायचा, स्टिअरिंगवर फिरावा तसा. सगळं आयुष्य माणसानं ती पिकअप चालवली होती. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काही दाखवा, ऐकवा, फरक पडला तर पडेल. बायकोनं त्या दिवसापासून एक वेळचं जेवण सोडलं होतं. बाबांनी नुसती हाक मारली तरी पुरे, मग जेवीन, असं ती देवाला सांगून बसली होती.

बाबांची घरी यायची एक रीत होती. फाटकापाशी गाडी थांबवून दोनदा आखूड हॉर्न द्यायचे. सासूबाई फाटक उघडेपर्यंत इंजिन तिथंच घरघरत उभं. त्यातून तेल गळायचं, दगडांवर काळा डाग पडायचा. वैतागून सासूबाईंनी तिथं रंगाचा रिकामा डबा ठेवला होता. सासूबाई गेल्या, गाडी थांबली, डबा मात्र तिथंच राहिला. आत पानांचा कचरा आणि कोळ्याची जाळी.

"आता दहाबाराची पद्धत ऐका," काका म्हणाले. "बाबांच्या गाडीचा जुना भाग काढला की तो फेकायचा नाही. सांगाड्यात त्याच जागी दोन बोल्टांवर टांगून ठेवायचा. कुठला भाग कुठला, हे विसरायला नको म्हणून. फार शिस्तीचा माणूस. त्या शिस्तीनंच..."



पहिल्यांदा दारं बदलली. मग हॉर्न. जुना, गंजलेला हॉर्न सांगाड्यात गेला, सांगाड्याचा खणखणीत हॉर्न बाबांच्या गाडीला बसला. दहाबारा खूश. दुसऱ्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "बाबा आज हूं म्हणाले नाहीत हो."

"झोपेत असतील."

मग स्टिअरिंग बदललं. जुनं स्टिअरिंग बाबांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. तेही दोन बोल्टांवर टांगलं गेलं. त्या रात्री पांघरुणावरचा उजवा हात फिरायचा थांबला. बायकोनं तो आपल्या हातात घेतला, चोळला, पुन्हा पांघरुणावर ठेवला. पडला तसाच राहिला.

हेडलाइट बदलले त्या दिवशी ती बाबांच्या खाटेशी बसली. आधी तिनं बाबांच्या डोळ्यांसमोर चमचा इकडून तिकडे नेऊन पाहिला, डोळे फिरले नाहीत. मग मागे शेडमध्ये आली.

"अहो, रागवणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"तुम्ही तिकडे जे काढता ना, ते इथं बाबांमधून जातंय."

दहाबारा हसला. त्या हसण्यात तो किती थकलाय ते तिला दिसलं. "अगं, डॉक्टर म्हणालेच होते, उतरत जाईल म्हणून. तेवढ्यासाठीच तर घाई करतोय मी."

"एक रात्र तरी जुना हॉर्न लावून बघा. माझ्यासाठी."

"इंजिन तेवढं राहिलंय. ते बसलं की झालं. गाडी सुरू झाली की बाबाच हाक मारतील तुला, मग पोटभर जेव."

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. सहा तारीख, गुरुवार. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली, अंगणात सुई सापडेल असं चांदणं. संध्याकाळी साखळीवर बाबांचं जुनं इंजिन निघालं आणि सांगाड्यात टांगलं गेलं. पलीकडचं इंजिन इकडे बसलं. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. आवाज लोण्यासारखा, मध्ये एक ठोका चुकत नव्हता. जुन्या इंजिनाचा दर चौथा ठोका चुकायचा.

दोघांनी बाबांना उचलून सीटवर बसवलं. सीट काकांनीच शिवली होती, जुन्याच रंगाच्या रेक्झिनची.

"बाबा, ऐका ना... आपली गाडी."

बाबांची मान छातीवर पडली. ओठांतून लाळ आली. बायकोनं पदरानं पुसली आणि ती दुसरीकडे बघत राहिली.

रात्री पावणेदोनला बायकोला जाग आली. शेजारच्या खाटेवर बाबांचा श्वास अगदी बारीक झाला होता. थांबायचा... मग यायचा. ती मोजू लागली. तीन आले की चौथा येत नव्हता.

आणि बाहेर हॉर्न वाजला.

दोनदा. आखूड.

"ऐकलंत?"

दहाबारा उठून बसलाच होता. पाना खिशात होता, तो तसाच मागच्या दारानं बाहेर गेला.

शेड बंद होती, ती त्यानं उघडली. नवी झालेली गाडी जागेवर. बॉनेटवर हात ठेवला... थंडगार.

पुन्हा दोनदा.

सांगाड्यातून.

त्यात बॅटरी नव्हती. तार नव्हती. तरी जुने, पिवळे हेडलाइट मंद पेटले होते. ते हलले नाहीत. पण दहाबारा डावीकडे सरकला, तसा उजेड त्याच्यामागे डावीकडे आला. तो उजवीकडे आला. उजेडही आला.

आत कोणी नव्हतं. स्टिअरिंग सावकाश गोल फिरत होतं. उजव्या हातानं फिरवावं तसं.

आणि इंजिन घरघरत होतं. टिक... टिक... टिक... नाही. टिक... टिक... टिक... नाही.

"बाबा?"

हॉर्न वाजला. अगदी हलका. घशातून यावा तसा.

मग त्याला सगळं एकदम कळलं. बायको काय सांगत होती, ते. तो रडत सांगाड्याला बिलगला. "परत बसवतो बाबा. सगळं परत बसवतो. आत्ताच्या आत्ता. थांबा फक्त."

त्यानं खिशातला पाना काढला.

आणि त्यानं बोल्टला हात लावला.

साखळी शेडमध्ये होती. आधी साखळी. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं... आधी साखळी...

एक बोल्ट सुटला.

इंजिन तिरकं झालं. दुसऱ्या बोल्टनं क्षणभर धरलं. दहाबारानं दोन्ही हात खाली घातले. कोणाला पेलतंय ते?

धाड.

दिवे गेले. स्टिअरिंग थांबलं. घरघर...

काहीच नाही.

घरातून बायकोची हाक आली. "अहो..." एवढीच. पुढचं सांगायची गरज नव्हती.

गच्चीवर कोणीतरी पांघरूण अंगावर ओढून घेतलं. काका चांदण्यात समोर बघत होते.

"मग?" धाकट्या पुतणीनं हळूच विचारलं.

"मग काय. सांगाडा भंगारवाल्यानं नेला, फुटक्या इंजिनासकट. दहाबाराच्या देखत यंत्राखाली दाबून त्याचा एवढासा ठोकळा केला. नवी गाडी शेडमध्ये आहे, तिला कोणी चावी लावत नाही. दहाबारा आता फक्त पंक्चर काढतो. बायको अजून एकच वेळ जेवते. मी म्हटलं, अगं, आता कशासाठी? तर म्हणाली, हाक अजून यायचीय ना काका. वेडी आहे पोर. हॉर्न काही पुन्हा वाजला नाही. तो तिकडे फुटून गेला."

"मग झालं की."

"एकदा मी पहाटे तिच्या घरी गेलो होतो. फाटक सताड उघडं. म्हटलं, अगं, रात्रभर असंच? तर म्हणाली, फाटक उघडायला आता सासूबाई नाहीत, हॉर्नही नाही, बाबांनी आल्याचं सांगायचं कसं? म्हणून उघडंच ठेवते. रोज ठेवते. आत काही कोणी येत नाही."

काकांनी चष्मा काढला होता, तो पुन्हा चढवला.

"तिनं मला फाटकापाशी तो रंगाचा डबा दाखवला. जाळी गेली होती, पानंही गेली होती. तळाशी बोटभर काळं तेल. मी बोट घातलं."

त्यांनी ते बोट अंगठ्यावर घासलं, जणू अजून चिकटच होतं.

"कोमट होतं."