सत्तेचाळिसावा संदर्भ

डॉ. तन्मय शेवडे यांच्या शोधनिबंधाच्या शेवटी सेहेचाळीस संदर्भ होते. यंत्राने सत्तेचाळीस मोजले.

ईश्वरी टिळेकरांना त्याचं काडीचं आश्चर्य वाटलं नाही. साताऱ्याहून निघणाऱ्या 'भूस्तर' या संशोधनपत्रिकेच्या संदर्भविभागात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. विद्वान मंडळी सूचीत लिहितात ते सगळं वाचलेलं नसतं आणि वाचतात ते सगळं सूचीत येत नसतं, एवढं त्या पक्कं ओळखून होत्या. संशय हा त्यांचा मूळ स्वभाव होता की नोकरीने लावलेली सवय, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नसतं.

तसा या कामात संशयाला आता जागा उरली नव्हती. हे साल २०६१. आठ वर्षांपूर्वी एक भानगड उघडकीला आली होती. कुठल्याशा निबंधात एका संदर्भाचा पान क्रमांक चुकून ३१२ छापला गेला. मूळ लेख २९० व्या पानावरच संपत होता. तरी पुढच्या चारशे निबंधांत ते ३१२ जसंच्या तसं उतरलं. चारशेजणांपैकी एकानेही मूळ लेख उघडून पाहिला नव्हता, एकमेकांच्या सूच्या तेवढ्या उतरवून घेतल्या होत्या. जगभर छी-थू झाली आणि वाचनठशाची तपासणी सक्तीची झाली.

यामागचं विज्ञान फार अवघड नाही. ओळखीचा चेहरा दिसला की नाव आठवायच्या आधीच 'याला कुठेतरी पाहिलंय' असं वाटतं. वाचलेल्या वाक्याचंही तेच. ते पुन्हा डोळ्यांपुढे आलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत ओळखीची बारीक विद्युतलहर उठते. माणसाला काही आठवो न आठवो, ही लहर उठतेच आणि ती दाबता येत नाही. मजकूर किती वेळा वाचला, तेही तिच्या उंचीवरून कळतं. हाच वाचनठसा. लेखकाने डोक्याला पट्टा लावून खुर्चीत बसायचं आणि पडद्यावर झरझर सरकणारी वाक्यं बघायची. ज्या लेखाला लहर नाही, तो सूचीतून बाद. त्यानंतर उलटफेरी. त्यात यंत्र त्याच विषयावरचा जुना मजकूर दाखवतं, छापलेला आणि न छापलेलाही. लहर उठली आणि सूचीत नाव नसलं की माणूस सापडला.

शेवडे असे सापडले होते.

"सानिका गुरव," ईश्वरीताईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आमच्याच दप्तरातलं हस्तलिखित आहे, सर. २०३९ सालचं. छापलं गेलं नाही. तुमच्याकडे परीक्षक म्हणून गेलं असणार."

शेवड्यांनी दोन पानं चाळली आणि त्यांचा चेहरा उतरला. कल्पना तीच होती. डोंगर घसरण्याआधी दोन दिवस झाडांची बारीक मुळं तुटू लागतात. मातीत ध्वनिग्राहक पुरून ठेवला तर तो आवाज पकडता येतो, आणि दोन दिवसांत अख्खं गाव हलवता येतं. शेवड्यांनी यावर अकरा वर्षं घालवली होती.

"मला हे अजिबात आठवत नाही, मॅडम. शपथ घेऊ?"

"शपथेला आमच्याकडे रकाना नाही, सर."

"वर्षाला साठ-साठ निबंध यायचे हो माझ्याकडे! मी चोर असतो तर इथे खुर्चीत बसायला आलो असतो का?"

सगळे असंच म्हणतात, असं ईश्वरीताईंच्या मनात आलं.

"ठीक आहे," शेवडे म्हणाले. "वैयक्तिक संवाद म्हणून उल्लेख करू."

तोंडी कळलेली गोष्ट मजकुरात कंसात सांगतात, ती सूचीत घेत नाहीत. ही पळवाट ईश्वरीताईंना चांगली ठाऊक होती.

"त्या तुमच्याशी बोलल्या होत्या?"

"नाही."

"मग?"

"बरं, घ्या सूचीत. पण वर्ष नको. 'वर्ष नाही' असं लिहायची सोय आहे ना तुमच्या नियमांत?"

"ज्याचं वर्ष सापडत नाही त्याच्यासाठी आहे, सर. याचं सापडलंय."

शेवड्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सातरकोंड आठवतं? २०४६. दरडीखाली एकसष्ट माणसं गाडली गेली. मी तिथे चार दिवस होतो. मॅडम, माझा निबंध कुणी वाचणार नाही. लोक हा एक आकडा वाचतील, २०३९. आणि विचारतील, सात वर्षं हे कागद कुणी दाबून ठेवले?"

"विचारू देत ना."

"पण मी खरंच काय अभिप्राय दिला होता, तेच मला आठवत नाही हो. नापास केला असेन, तर..." त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "माझे विद्यार्थी हल्ली काही वाचतच नाहीत. म्हणतात, सर, जितकं वाचू तितकं अंगाशी येतं."

त्यांची ईश्वरीताईंना दया आली नाही. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. त्यांनी सूचीत ओळ टाकली, आडनाव आधी, मग नाव, मग कंसात वर्ष.

आता एकच सोपस्कार राहिला होता. संदर्भ वाढवायचा तर तपासनिसालाही त्या मजकुरापुढे बसावं लागे. त्याच्याच डोक्यात ठसा निघाला, तर प्रकरण कारणासह दुसऱ्याकडे सोपवायचं, असा नियम होता. ईश्वरीताईंनी पट्टा लावला, वाक्यं पाहिली आणि निकालाकडे नजर टाकली.

ठसा स्पष्ट. वाचन तीन वेळा.

यंत्रच बिघडलंय, असं त्यांना वाटलं. पट्टा घट्ट करून त्या पुन्हा बसल्या. पुन्हा तीन. मग मात्र त्यांनी दप्तरातून २०३९ची फाईल काढायला लावली.

वरच शेवड्यांचा अभिप्राय होता, जेमतेम चार ओळींचा. कल्पना पूर्ण नवी आहे, किरकोळ सुधारणा करून तातडीने छापावा. त्याखाली लेखिकेला गेलेली तीन पत्रं होती. पहिल्यात, सूचीत आद्याक्षरं आडनावाआधी आली आहेत, हस्तलिखित परत पाठवत आहोत. दुसऱ्यात, पान क्रमांक अपुरे. तिसऱ्यात, नियतकालिकांची नावं तिरप्या अक्षरांत नाहीत. तिन्हींखाली सही ई. टिळेकर. त्यानंतर फाईलमध्ये काहीच नव्हतं.

तेव्हा ईश्वरीताई पंचविशीच्या होत्या, कामाला कडक म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती, तेवढं आठवत होतं. निबंध मात्र आठवत नव्हता. आपण एकसष्ट माणसांच्या जिवाचे कागद तीनदा हातात घेतले, तीनदा वाचले आणि पोस्टात टाकले, हे त्यांना एका यंत्राकडून कळत होतं. शेवड्यांचा अभिप्राय फक्त या फाईलमध्ये होता. ती बंद राहिली, तर छापलेल्या वर्षाचं बोट शेवड्यांकडेच जाणार होतं.

निकालाचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि लेखिकेच्या संमतीसाठी फोन लावला. सानिका गुरव आता लांज्याजवळ रोपवाटिका चालवत होत्या.

"माझं नाव? आता?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बावीस वर्षांनी जाग आली म्हणायची तुम्हाला. कोण काढतंय ते?"

"डॉ. शेवडे. सूचीत तुमचा उल्लेख येईल, वर्षासकट."

"घाला की, माझी काय हरकत." मग आवाज खाली आला. "एक विचारू? तीन वेळा परत पाठवलात तुम्ही. कधी आद्याक्षरं, कधी पान नंबर. मला वाटलं, यांना छापायचाच नाहीये, म्हणून खुसपटं काढतायत. म्हणून मीच नाद सोडला. मग सातरकोंड झालं. त्या दिवसापासून मी स्वतःलाच खात्ये हो. चौथ्यांदा का नाही पाठवला मी?"

ईश्वरीताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेव्हा तुमच्याकडे सूची कोण बघायचं?"

"होत्या एक बाई," त्या म्हणाल्या. "आता नाहीत."

"त्यांनी आतला मजकूर वाचला असेल का हो कधी? एकदा तरी?"

"नाही," ईश्वरीताई म्हणाल्या. "त्या फक्त सूचीच बघायच्या."