समुद्रपूरची वापसी

एप्रिलातल्या दुपारी समुद्रपुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी अस्मितानं आपला छोटा हत्ती रुख्माबाईंच्या घरापुढे उभा केला. हा छोटा हत्ती म्हणजे तिच्या वडिलांचा मालवाहू टेम्पो. त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून गाडी तीच चालवायची आणि हिंगणघाटच्या गोदामातून जड सामान घरोघर पोचवायची. आज वॉशिंग मशीन होतं, तेही माडीवर चढवायचं. आणि मदतनीस नानाजी नेमके भाचीच्या लग्नाला गेले होते.

रुख्माबाई घरमालकीण. त्यांनी गाडी पाहिली, अस्मिताला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं कोणी उतरतंय का तेही पाहिलं.

"बाई, माणूस कुठी हाये?"

"मीच हाये."

हा प्रश्न तिला पाठ होता. यानंतर काय होतं तेही पाठ होतं. आजूबाजूचे चार बाप्ये धावत येत, 'सरका ताई' म्हणत तिला बाजूला करत आणि मशीन दाराच्या चौकटीवर आपटत. या मदतीचा तिला मनस्वी राग होता.

माडीवरून उतरलेला भाडेकरू मात्र धावला नाही. अभिराम त्याचं नाव. पंचायत समितीत कारकून, वर्ध्याच्या शिक्षकांच्या घरातला. अंगानं असा, की समोर पंखा जोरात लावायला भीती वाटावी. त्यानं मशीनकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "मी कोणती बाजू धरू?"

अस्मिता थांबली. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"वरची. खालून वजन मी घेते. तुमाले उलटं चढा लागन, मांगचं दिसणार नाई. मी पायरी म्हटलं का पाय उचला."

पट्टे आवळले, मशीन उचललं. तो चढला आणि लगेच त्यानं मान मागे वळवली. मशीन कललं.

"मांगं नोका पाहू!"

"मग कुठे पाहू?"

"माह्याकडं पाहा."

कामाचीच सूचना होती ती. पण त्यानं पाहिलं… आणि मग पाहतच राहिला. ती घामाघूम, ओढणी कमरेला खोचलेली, तोंडानं 'पायरी… पायरी… आता वळण' चाललेलं. माडीवर पोचल्यावरही तो तिच्याकडेच पाहत उभा होता.

"झालं ना," ती म्हणाली. "आता दुसरीकडं पाहिलं तरी चालते."

तो कानापर्यंत लाल झाला. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं. ती उभ्यानंच प्यायली आणि निघाली. हिंगणघाटपर्यंत तिला उगाच हसू येत होतं. तिनं ते उन्हावर ढकललं.

आठवड्याभरात त्याच पत्त्यावर ट्रेडमिल आली.

"पळता का तुमी?" अस्मितानं विचारलं.

"विचार आहे."

"बाहेर रस्ता हाये की. फुकटचा."

"ऊन फार असतं हो…"

नानाजी आता कामावर परतले होते. पण समुद्रपूर आलं की त्यांचा गुडघा दुखायचा आणि चहाच्या टपरीवरच बरा व्हायचा. जाणतं माणूस ते. त्यामुळे ट्रेडमिलही या दोघांनीच चढवली. मग ती वापस पाठवायची म्हणून अर्ज आला. मग लोखंडी टेबल आलं, तेही परत गेलं. व्यायामाची सायकल आली…

उतरवताना प्रकार उलटा होई. खाली अस्मिता, पण आता उलटं चालायची पाळी तिची. पायऱ्या दिसायच्या अभिरामला.

"पायरी," तो वरून म्हणायचा.

"माहीत हाये मले."

ती टाचेनं चाचपून उतरायची. दर दोन पायऱ्यांना मागे पाहायची. जड ओझं हातात असताना दुसऱ्याच्या शब्दावर पाय टाकायचा नाही, हे ती फार आधी शिकली होती.

तरी पण समुद्रपूरचा माल निघाला की ती सकाळी केस जरा नीट विंचरायची. हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि आवडलं नव्हतं.

मे महिन्यात गोदाम सांभाळणाऱ्या भूपेंद्रनं तिला बोलावलं.

"समुद्रपूरचा माल इतका वापस काऊन येऊन राह्यला? वरचे सायेब विचारून राह्यले. लोक म्हणून राह्यले का बाई ड्रायव्हर माल आपटते."

"एक ओरखडा दाखव."

"मले माहीत हाये गं. पण एकतारखेपासून समुद्रपूरची लाइन मुकेश ड्रायव्हरले देतो. तू गावातले लहान पाकिटं वाटजो."

लहान पाकिटं तर कोणीही दुचाकीवर वाटतं. मग छोटा हत्ती अंगणात उभा राहणार आणि सगळे म्हणणार, पाहा, बाईच्यानं झेपलं नाही. एवढी वर्षं पाठ मोडून मिळवलेलं नाव होतं ते! आणि घालवलं कोणी? एका हडकुळ्या कारकुनानं.

सायकल परत न्यायच्या दिवशी ती माडीवर गेली. पट्टे सोबत घेतलेच नाहीत.

"वापसीचं कारण सांगा."

"पसंत…" तो अडखळला. "खरं सांगू?"

"तेच ऐकाले आली."

"तुम्ही यावं म्हणून मागवत होतो. दुसरं काही कारण नाही."

"फोन नव्हता? नंबर होता ना तुमच्यापाशी!"

"तो सामानासाठी दिलेला नंबर. कामाच्या नंबरावर बाईमाणसाला भलत्या कारणानं फोन करायचा… ते बरं दिसलं नाही मला."

अस्मिता बघतच राहिली. फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून या माणसानं ट्रेडमिल मागवली होती! अर्जाशिवाय काही मागायचं नसतं, ही त्याची कचेरीतली शिस्त. तिला हसू फुटणार होतं. पण रागच वर आला.

"तुमच्या पाहण्यापायी माही लाइन चालली. समजते का? माल आपटते म्हणून राह्यले मले."

त्याचा चेहरा उतरला. त्याला हे ठाऊकच नव्हतं. कागदावर वापसीला एवढंसं कारण लागतं. ती वापसी कोणाच्या पाठीवर ओझ्यासारखी पडते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सायकल ठेवतो," तो म्हणाला. "आणि उद्या गोदामात येतो."

"काही गरज नाई."

तो तरी आलाच. सकाळी माल भरायच्या वेळी, सगळे ड्रायव्हर-हमाल हजर असताना, भूपेंद्रपुढे उभं राहून त्यानं खणखणीत सांगितलं, "माल चांगला होता. यांचं कामही चांगलं होतं. मी यांना पाहायला म्हणून मागवत होतो आणि परत पाठवत होतो. चूक माझी." कोणीतरी शिट्टी मारली. भूपेंद्रला ठसका लागला. अभिराम मात्र वाक्य पूर्ण करूनच थांबला, मान खाली न घालता. मग अस्मिताकडे न पाहता समुद्रपूरच्या बसला निघून गेला.

लाइन तिच्याकडेच राहिली.

आणि त्यानंतर त्या पत्त्यावर काहीच आलं नाही. अस्मिता समुद्रपूरला जायची, माल उतरवायची, परतायची. रुख्माबाईंच्या घरावरून जाताना गाडी आपोआप हळू व्हायची. नानाजींचा गुडघा टपरीशी दुखायला लागायचा, ती चिडून म्हणायची, "आज नाई काही, बसा गुपचूप." सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला रिकामं वाटत होतं. स्वतःशी तरी खोटं किती बोलायचं? तिला त्याची आठवण यायची.

जूनच्या सुरुवातीला फोन वाजला.

"कामासाठीच केला आहे," पलीकडून आधीच खुलासा आला. "माझी बदली झाली. कारंजा घाडगे. सामान न्यायला गाडी मिळेल?"

कारंजा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिची लाइन तिकडे कधीच जाणार नव्हती.

"मिळन," ती म्हणाली.

माडीवरच्या सायकलवर रुख्माबाईंची फडकी वाळत होती. त्या दोघांनी एकेक नग खाली आणला. शेवटी मशीन राहिलं, त्या पहिल्या दिवसाचं. पट्टे आवळले. ती खाली, उलटी, तो वर.

"पायरी," तो हलकेच म्हणाला.

तिनं पाय टाकला. चाचपला नाही.

"पायरी… पायरी… आता वळण. डावीकडे."

ती वळली. जिना अरुंद होता, मशीन तेवढंच जड होतं, आणि पाठीमागे काय आहे ते तिला दिसत नव्हतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उतरत राहिली.

"जमीन," तो म्हणाला.

दोघांनी मशीन टेकवलं. तो धापा टाकत होता.

"आज एकदाही मागे पाहिलं नाहीत…"

"तू सांगून राह्यला होता ना," अस्मिता म्हणाली.

तो हातातला पट्टा नुसता गुंडाळत राहिला, मग सोडला, मग परत गुंडाळला. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"कारंजाले घर कितव्या मजल्यावर पाहिलं?"

"तळमजल्यावर. तुमच्या पाठीचा विचार करून."

"म्हणजे मी येईन, हे धरून चालला होता तू?"

"नाही. पण आलीस तर… त्रास नको म्हणून."

अस्मिता हसली, आणि या वेळी तिनं ते उन्हावर ढकललं नाही. मशीन गाडीत चढवून तिनं फळी लावली आणि चालकाशेजारच्या जागेचं दार उघडलं.

"बस समोर. आणि हे पाह्य, आता माह्या नंबरवर काम नसलं तरी फोन करजो."