बैल कुणी विकला?

सकाळी गोठ्यात शेण काढतानाही सारिकाच्या कपाळाला पट्टा असायचा. माणदेशातल्या त्या गावात आता त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं, निम्म्या गावाची डोकी पट्ट्यात होती. शेतीचा कुठलाही निर्णय घेताना तुमच्या मेंदूत कुणाची आठवण जागी होते आणि किती जोरात, हे पट्टा टिपायचा. त्याचं नाव ओढमापक. विद्यापीठाकडून पाहणीला आलेल्या तेजलने सुरुवातीला एकेकाचं नाव घेऊन सारिकाला डोळे मिटायला लावले होते आणि प्रत्येक माणसाची मेंदूतली खूण नोंदवली होती. दीर, जाऊ, डेअरीवाला, शेजारचे ज्ञानू आप्पा. आणि विलास, चार वर्षांपूर्वी वारलेला नवरा.

महिन्याने तेजल निकाल घेऊन आली आणि टॅबचा पडदा पुढे करताना जरा अवघडली. शंभर निर्णयांपैकी एकाहत्तर विलासच्या ओढीने झाले होते. ज्वारी की मका, कडबा ठेवायचा की विकायचा, कालवड कुणाला द्यायची, सगळीकडे तोच.

सारिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. भावकीशी भांडून तिने जमीन राखली होती, माझं मी बघते म्हणून गावभर ताठ मानेने फिरली होती. आणि हा गेलेला माणूस खुशाल डोक्यात बसून कारभार हाकत होता! हे तिला खपणं शक्यच नव्हतं.

तिच्या दावणीला एकच खिलार बैल होता, तसाच आप्पांकडे एक. दोघांचे बैल एका जुवाला जुंपून दोघांची रानं करायची, याला वारंगुळा म्हणतात. समोरच्याचा बैल उभा आहे तोवर वारंगुळा मोडायचा नाही, असं विलासचं ठाम म्हणणं. खरं तर वैरण पुरत नव्हती, ट्रॅक्टर हाकेसरशी येत होता, बैलाच्या चाऱ्यावर दुसरी म्हैस निघाली असती. तरी आप्पांना तोंड कसं दाखवायचं म्हणून ती गप्प होती.

त्याच आठवड्याच्या बाजारात तिने बैल विकला.

परतताना ती आप्पांच्या रानात गेली. ते धसकटं वेचत होते. पेरणी आठ दिवसांवर आली होती आणि त्यांच्या चढाच्या तुकड्यावर ट्रॅक्टर जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बैल विकल्याचं तिने सांगितलं तरी ते चिडले नाहीत.

"आता एका बैलानं मी काय करू, पोरी?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा वाकले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निदान हा निर्णय तरी आपला, अशी मनाची समजूत घालत ती घरी आली. तेजल अंगणात थांबलीच होती. सारिकाने तिच्या हातातून पडदा ओढून घेतला. बैल विकल्याच्या नोंदीपुढे विलासच्या ओढीची रेघ पार कडेला टेकली होती. इतकी लांब ती आजवर एकदाही गेली नव्हती.

"बिघडलंय हे. मी त्यांच्या विरुद्ध केलंय."

तेजलने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "काकू, विरुद्ध जायचं झालं तरी आधी त्यांनाच विचारलंत ना?"

सारिका ओट्यावर बसली. तिला विलासचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याची कधी नव्हे इतकी आठवणही आली. मग आप्पांची वाकलेली पाठ डोळ्यांपुढे आली. बाजार उठायला अजून वेळ होता. असंच उठावं, व्यापाऱ्याच्या हातापाया पडून बैल परत आणावा, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

ती उठली आणि ओट्याच्या पायरीशीच थबकली. हे वाटणं तरी कुणाचं?