साहेबांचे शर्ट

भाऊजी गेल्यापासून ताई आमच्याकडे राहत होती, आणि राहत असून नसल्यासारखीच होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. हाक मारली की जेवायला यायची, वाढलेलं मुकाट्याने संपवायची, ताट धुऊन पुन्हा आपल्या जागी. बायकोने होते नव्हते ते सगळे उपाय करून पाहिले. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "त्यांना कुठेतरी माणसांत घेऊन जा. एकदा हसल्या तरी पुरे."

माणसांत म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या बाजारवस्तीत, असं मी ठरवलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामामुळे निम्मं शहर मी पालथं घातलंय, पण तिकडे कधी जाणं झालं नव्हतं. नुसतं फिरलं तरी दिवस कसा जातो कळत नाही, असं लोक सांगायचे. ताईने आढेवेढे घेतले नाहीत. तेवढाही उत्साह तिच्यात उरला नव्हता.

आभाळ भरून आलं होतं, तरी वस्ती गजबजलेली होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या उंच इमारती, खाली दुकानं, वर वाळत घातलेल्या चादरी. कुणी पत्रा ठोकतंय, कुणी पिंजऱ्यातले पक्षी विकतंय, कुणी नुसतंच ओरडतंय. ताई माझ्या दंडाला धरून, कशाकडेही न बघता चालत होती. मी आपला बडबडत होतो. "बादल्या बघ," म्हणालो. बादल्यांत काय बघायचं ते मलाही माहीत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "बाई, साहेबांचे शर्ट कधीचे तयार आहेत. नेताय ना?"

तो कुणाशी बोलतोय म्हणून मी मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"येताना नेते," ताई म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, लहानपणी हसायची तशी.

"अगं, त्याचा घोटाळा झाला, आणि तू खुशाल थाप मारलीस?"

"काय बिघडलं? बिचारा कधीचा वाट बघतोय."

मला इतका आनंद झाला, की तिथूनच बायकोला फोन करून सांगितलं, हसली म्हणून.

पुढे फळवालीने तिला थांबवलं. "आज लवकर बाहेर पडलात?" मग माझ्याकडे बघून, "पाहुणे वाटतं?"

"भाऊ आहे माझा," ताई म्हणाली. ते खरंच होतं, तरी का कोण जाणे, मला ऐकायला बरं वाटलं नाही. चपला शिवणाऱ्याने ओळखीची मान हलवली. एका गॅलरीतून म्हातारीने विचारलं, तुमच्याकडे पाणी आलं का, आणि ताईने वर बघून सांगितलं, "आलंय, पण धार बारीक आहे."

मी स्वतःची समजूत घातली. एकासारखी दिसणारी दुसरी माणसं असतात. इथे अशी कुणी बाई राहत असणार आणि ताई तिचं सोंग घेऊन गंमत करतेय. शाळेत असताना ती सगळ्या मास्तरांच्या नकला करायची. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त आता तिने माझा दंड सोडला होता. ती पुढे चालत होती आणि मी तिच्या मागे.

चहाच्या दुकानात मालकाने न विचारताच तिच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. ती तसाच पिते.

"साहेबांची तब्येत काय म्हणते?" त्याने विचारलं.

आता ही रडणार, दिवस वाया गेला.

"आता बरी आहे," ताई म्हणाली. "खोकला आहे थोडा."

मालक गेल्यावर मी खालच्या आवाजात म्हणालो, "ताई, पुरे आता. घरी जाऊ."

"जाऊ की. तेवढे शर्ट पोचवते आणि निघू. कुणाचे तरी आहेतच ना ते. असं तोंड करू नकोस, बारक्या."

कित्येक महिन्यांनी तिने मला बारक्या म्हटलं होतं. मला नाही म्हणवेना.

लॉन्ड्रीवाल्याने काही न बोलता गठ्ठा दिला. तो छातीशी धरून ताई भराभर चालू लागली, एक गल्ली सोडून पुढच्या गल्लीत वळली आणि एका इमारतीत शिरली.

"पत्ता कधी विचारलास?"

"त्यानेच सांगितला की."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. त्याने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

आत जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट होती आणि जिना तिला वळसे घालत वर गेला होता. सवयीने मी दोर पाहिले. चांगले होते, नुकतंच तेल दिलेलं. तेवढ्यात ताई आत शिरली आणि तिने जाळी ओढून घेतली.

"तू जिन्याने ये. पोट बघ किती सुटलंय."

लिफ्ट वर निघाली. आधी तिचा चेहरा दिसेनासा झाला, मग गठ्ठा, मग पाय.

मी धापा टाकत शेवटच्या मजल्यावर पोचलो. लिफ्ट तिथे रिकामी उभी होती. समोर एकच दार, तेही बंद. आतून ताईचं हसणं ऐकू येत होतं.

मग कुणीतरी खोकलं.

खोकणारी माणसं पुष्कळ असतात. भाऊजींच्या आजारपणात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपायचो. ढास थांबली की कुणी विचारो न विचारो, ते म्हणायचे, काही नाही, काही नाही.

"काही नाही," दाराआडून आवाज आला. "काही नाही."

मी दार वाजवलं. हसणं थांबलं.

कडी सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही.

"ताई," मी म्हणालो. "ताई, चल ना गं."

मी दाराला कान लावला.

माझ्या मागे लिफ्ट खाली जाऊ लागली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. तळाशी ताई उभी होती. हात रिकामे होते.

ती कशी उतरली, याचा मी विचार केला नाही. जिना एकच होता आणि त्याच्यावर मी उभा होतो. पण ती दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी धावत खाली गेलो, तिचा हात धरला आणि वस्तीबाहेर पडेपर्यंत सोडला नाही. चहावाला, फळवाली, लॉन्ड्रीवाला, सगळे आपापल्या कामात होते. कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

बसमध्ये मी तिला खिडकीशी बसवलं. बायकोला कळवलं, निघालोय, दोघंही. शेजारी ताईच होती. तोच चेहरा, हनुवटीवरचा तीळही तोच. ती काचेतून बाहेर बघत होती.

बऱ्याच वेळाने तिने मान वळवली.

"माझं घर आहे ते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दार वाजवलंत, तेव्हा साहेबांनी विचारलं, कोण आलंय. तुमच्या बहिणीने सांगितलं, कुणी नाही."