घरच्या खुणा

ऐकू येणाऱ्या बायका फोन खांदा नि कान यांच्यात चिमटून धरतात आणि भांडी घासता घासता तासभर बोलतात. थोरलीला ते जन्मात जमणं शक्य नव्हतं. तिचं सगळं बोलणं हातात, त्यामुळे हात बोलण्यात गुंतले की घरातली कामं जागच्या जागी. संध्याकाळी कामावरून आली की ती चहाचं आधण ठेवायची, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि धाकट्या बहिणीला लावायची. मग चहा उतू गेलाच म्हणून समजा. नवरा आतून धावत यायचा, गॅस बंद करायचा आणि फोनमधल्या मेहुणीला मोडक्यातोडक्या खुणांनी सांगायचा, "तुझी बहीण एक दिवस माझं घर जाळणार!" त्याच्या खुणा इतक्या दिव्य होत्या की 'घर' म्हणायला जावं आणि 'टोपी' म्हणून बसावं. धाकटी हसून हसून बेजार व्हायची.

दोघी बहिणी जन्मापासून बहिऱ्या. आईबाप ऐकणारे, स्वभावाने चांगले, पण पोरींशी बोलायचं कसं हे त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. शाळेत खुणांची भाषा शिकवली ती फार पुढे. त्याआधीच दोघींनी पलंगाखाली बसून आपली एक बोली करून टाकली होती. बाबांचा राग म्हणजे नाक पुसणं. भीती म्हणजे करंगळी मुठीत लपवणं. ताई म्हणजे हनुवटीवरच्या तिळाला बोट, धाकटी म्हणजे कानाची पाळी ओढणं. खरी नावं फक्त कागदोपत्री राहिली. शाळेतल्या खुणा परक्यांसाठी, घरच्या खुणा दोघींसाठी. जगात ती बोली समजणाऱ्या या दोघीच होत्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्यालाही ती येत नव्हती, आणि थोरलीने कधी शिकवलीही नाही. काही गोष्टी नवऱ्यालासुद्धा द्यायच्या नसतात, असं तिचं मत होतं.

धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली तेव्हा या बोलीचे फार हाल झाले. खुणा काही पत्रात लिहिता येत नाहीत. फोन होता तो शेजारणीकडे. ती तिकडचं ऐकणार आणि चिठ्ठीवर लिहून देणार, 'बरी आहे, काळजी नसावी.' यातून समजायचं काय, कपाळ? मग फोनमध्ये चित्र आलं. बाकी जगाला इंटरनेटने काय काय दिलं ते असो, या दोघींना त्याने रोज समोरासमोर आणून बसवलं. पुढे धाकटीचा नवरा तिला टाकून गेला. ती जेवेनाशी झाली, अंथरूण सोडेनाशी झाली. तेव्हा थोरलीने याच ओट्यापाशी उभं राहून तिला फोनमधूनच जेवू घातलं. "उचल घास. मी बघतेय. चाव. आता दुसरा." असं महिनोन्महिने चाललं होतं. आता कुठे पोरगी माणसांत आली होती आणि महिनाअखेर सामान घेऊन कायमची थोरलीकडे राहायला येणार होती. मागची खोली रिकामी करून, रंग देऊन झाली होती. थोरली दिवसातून कितीदा तरी त्या खोलीत उगाच डोकावून यायची.

अशातच एका संध्याकाळी चित्र अडकलं. त्यात नवल काहीच नव्हतं, नेहमीच अडकायचं. धाकटीचा चेहरा अर्ध्या हसण्यात थिजला, एक डोळा मिटलेला, एक उघडा. थोरली चहा गाळायला वळणार तेवढ्यात तिला दिसलं, की हात चालू आहेत. चेहरा थिजलेला आणि त्याखाली हात मात्र मजेत हलतायत. हात विचारत होते, "बाबांच्या रागाला आपण काय म्हणायचो गं?"

"विसरलीस? वेडीच आहेस," असं म्हणत थोरलीने नाक पुसून दाखवलं. समोरचा हात वर आला आणि त्या थिजलेल्या नाकावरून फिरला. नाक जरासुद्धा दबलं नाही. खूण थोडी चुकली होती म्हणून थोरलीने पुन्हा करून दाखवली. दुसऱ्यांदा हाताला ती बरोबर जमली.

मग चित्र सुटलं. धाकटीचा दुसरा डोळा उघडला. "आलीस का? मघापासून अडकली होतीस. मी आपली हात मांडीवर घेऊन बसलेय."

"मांडीवर?"

"मग काय नाचू?"

थोरलीने ते मनावर घेतलं नाही. ती दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून प्लास्टरचे साचे ओतायचे, त्यावर मेणाचे दात कोरायचे, असं दिवसभर. संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकतात हे तिला ठाऊक होतं. शिवाय नवऱ्याचा धंदा वायरिंगचा, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार. तो म्हणाला, "चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं. हलणारा तुकडा आधी पोचतो, चेहऱ्याचा मागे राहतो. मांडीवर हात म्हणे! चेष्टा करते ती तुझी."

हे पटण्यासारखं होतं आणि थोरलीने ते पटवून घेतलं. पुढे चित्र अडकलं की हात बोलायचे. रुसव्याची खूण कोणती, गुपिताची कोणती, भीतीची कोणती, पलंगाखाली चल म्हणायचं असलं की काय करायचो, असं लहानपणचं एकेक विचारायचे. थोरलीला बरंच वाटायचं. बहिणीला जुनं आठवतंय म्हणजे ती सावरतेय, असा तिचा हिशेब. फक्त एक गोष्ट तिला खटकायची. खुणा करणारी माणसं एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघतात, हात आपोआप कळतात. प्रश्न की थट्टा, लाड की राग, ते सगळं भुवया सांगतात. त्या हातांच्या वर भुवया हलतच नसत. त्यामुळे ते हात कोणत्या मनाने बोलतायत याचा थांग लागत नसे.

एकदा तिने नवऱ्याला शेजारी बसवून घेतलं. तोही हौसेने बसला, मेहुणीशी दोन वेळा 'टोपी टोपी' करून झालं. मग चित्र अडकलं, हात चालू राहिले आणि नवऱ्याचं हसू ओसरत गेलं. त्याने पुढे वाकून कान फोनपाशी नेला. मग स्वतःच्या हाताने कॉल बंद केला.

"काय झालं?"

तो खुणा शोधत शोधत बोलला. "तिच्या हातात कडं आहे ना, ते बोलताना वाजतं. तुला माहीत नसेल."

थोरलीला खरंच माहीत नव्हतं.

"चित्र अडकलं आणि कडं वाजायचं थांबलं. हात हलत होते. कडं हलत होतं, मी बघितलं. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता मला, नीट घरघरत होता. कड्याचा आवाज नाही."

"मग?"

"मग काय? काही नाही. उद्या नेटवाल्याला बोलावतो."

नेटवाला आला, वायर बदलून, पैसे घेऊन गेला. नवऱ्याने त्यानंतर फोनसमोर थट्टा केली नाही.

त्याच आठवड्यात धाकटी समोर आली ती डोळे सुजवून. थोरलीला काही विचारूच देईना. "एवढंच होतं तर खोली कशाला रंगवलीस?"

"काय एवढंच?"

"दुपारी तूच सांगितलंस ना! येऊ नकोस, अडचण होते, भावजी कुरकुरतात."

"दुपारी माझे हात प्लास्टरमध्ये होते! विचार माझ्या मालकाला."

"ताई, तूच होतीस. ओट्याशी उभी होतीस. चेहरा अडकत होता, पण हात तुझेच होते."

"अगं, खोटं आहे ते. मी नव्हते."

"घरच्या खुणांनी बोललीस," धाकटी रडत म्हणाली. "त्या दुसऱ्या कुणाला येतात?"

थोरलीने मनात मोजलं. राग, रुसवा, गुपित, भीती. एकेक खूण तिनेच दाखवली होती. चुकलं तिथे पुन्हा करून दाखवली होती. आयुष्यभर नवऱ्यालासुद्धा दिलं नाही ते तिने हसत हसत कुणाच्या तरी हातात ठेवलं होतं.

तिने धाकटीला सगळं सांगितलं. घाईत दोनदा खुणा अडखळल्या. धाकटी बघत राहिली. तिचा विश्वास बसला की नाही कळेना, पण रडणं थांबलं.

"यापुढे चित्र अडकलं की लगेच बंद करायचं," थोरली म्हणाली. "हात काहीही म्हणोत. शपथ घे माझी."

"बरं," धाकटी म्हणाली आणि तिथेच थिजली. डोळ्यांत पाणी तसंच, हात मांडीवर.

थोरलीने बंद करायला बोट पुढे केलं. तेवढ्यात ते हात मांडीवरून उठले.

"आता सगळं आलं मला," हात म्हणाले. एकही चूक नव्हती.

थोरलीने फोन ओट्यावर पालथा घातला आणि वर दोन्ही तळवे दाबून धरले. फोन तळव्यांखाली थरथरत होता. ती भयंकर घाबरली होती आणि ओरडायचं तर कुणासाठी हे तिला कळत नव्हतं.

त्यानंतर धाकटी फोन उचलेना. थोरलीने लावून लावून बोटं झिजवली, तेव्हा एक मेसेज आला. 'आत्ता तर बोललो आपण. किती वेळा लावशील? कामं आहेत मला.' थोरलीने लिहिलं, 'ती मी नाही. बंद कर. मी येतेय.' त्याला उत्तर नाही. रात्रीच्या जेवणानंतर आणखी एक आला, 'पोटभर जेवले. तू समोर असलीस की घास जातो बघ.'

नवऱ्याने तो वाचला आणि गाडीची किल्ली काढून दाराशी ठेवली.

उजाडताच दोघं निघाली आणि भर दुपारी पोचली. नवरा गाडी लावायला जागा शोधत खाली थांबला. थोरली जिने चढून वर आली. बहिणीच्या दाराला घंटा नव्हती. बटण दाबलं की आत दिवा लागायचा. थोरलीने बटण दाबलं. दारावरच्या काचेतून दिव्याची उघडझाप दिसत होती. दार उघडायला कुणी आलं नाही. तिच्याकडे जादाची किल्ली होती.

आत सगळं नीटनेटकं होतं. बांधलेली खोकी भिंतीशी रचलेली होती. पंखा फिरत होता. टेबलापाशी धाकटी बसली होती, दाराकडे पाठ, समोर अर्धं जेवलेलं ताट आणि पाण्याच्या बाटलीला टेकवलेला फोन. ती बोलत होती. खांदे हसण्याने हलत होते. तिला असं हसताना थोरलीने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

हाक मारायची सोय नव्हती. मारली असती तरी दोघींपैकी कुणाला ऐकू गेली असती?

थोरली दोन पावलं पुढे गेली आणि तिला पडदा दिसला.

तिचाच ओटा, तिचाच गॅस. मागे नेटवाल्याने लावलेली नवी वायर. आणि ती स्वतः, हनुवटीवर तीळ, तोंड अर्धवट उघडं, थिजलेलं. त्याखाली तिचे हात. नखांत प्लास्टर अडकलेलं होतं.

थोरलीचा फोन तिच्या पिशवीत होता. तिने तो निघतानाच बंद केला होता.

पडद्यावरचे हात लाडात बोलत होते. घरच्या खुणांत, थोरलीपेक्षाही सफाईने. सावकाश चाव, म्हणत होते. मी कुठे जात नाही.

थोरलीने जमिनीवर पाय आपटला. एकदा. मग पुन्हा, जोरात.

धाकटीला हादरा कळला. तिने मान वळवली नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनाकडे पाहिलं. त्या चौकोनात ती स्वतः होती आणि तिच्या मागे कुणी उभं होतं.

तिचे हात हवेत थांबले.

पडद्यावरचे हातही थांबले. मग त्यांनी फक्त करंगळी मुठीत लपवली. भीती.

धाकटी उठली, वळली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. थोरलीने हनुवटीच्या तिळाला बोट लावलं. कानाची पाळी ओढली. मी गं, मी, तुझी ताई, चल, खोली तयार आहे, चल माझ्याबरोबर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात भराभर सगळं बोलत होते, पलंगाखालचं सगळं, लहानपणापासूनचं.

धाकटीच्या मागे, फोनमध्ये, थिजलेल्या चेहऱ्याची पापणी लवली. चेहरा हलला. नीट बघता यावं म्हणून जरा पुढे झुकला.

धाकटी थोरलीच्या हातांकडे टक लावून बघत होती. मग तिने फोनकडे तोंड फिरवलं.

"ताई," तिने विचारलं, "हिला आपल्या खुणा कुणी शिकवल्या?"