जिवंत नीरम

दुपारचा सव्वा वाजला होता आणि 'सिंधुलेखा' उजवीकडे एक पूर्णांक सहा दशांश अंश कलली होती. नियंत्रण कक्षातल्या कलमापकाचा हिरवा आकडा पिवळा झाला, तशी डॉ. इरावती तोरसकर खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली आणि लगेच पुन्हा उठली. हे जहाज तिनं रचलं होतं. आयुष्याची नऊ वर्षं त्यात घातली होती. आणि पहिल्या सफरीच्या पहिल्या जेवणालाच ते तिरकं झालं होतं.

एवढ्या कलानं कुणाच्या वाटीतली आमटीही सांडत नाही. पण सव्वादोनला बंदराच्या तोंडाशी जहाज गोव्याच्या दिशेनं डावीकडे वळणार होतं, आणि डावीकडे वळणारं जहाज उजवीकडे झुकतं. आधीच कललेलं जहाज आणखी किती झुकेल, याचं गणित कप्तानांना इरावतीइतकंच चांगलं येत होतं. वळणाआधी कल अर्ध्या अंशाच्या आत आला नाही तर आपण माघारी फिरू, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं. माघारी फिरलेल्या जहाजाला पुन्हा परवाना मिळणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

या सगळ्याचं कारण होतं जेवण. सफरीच्या पहिल्या दिवशी खोल्या तीनपर्यंत तयार होत नाहीत, त्यामुळे अठराशे माणसं हातातल्या पिशव्यांसकट थेट जेवायलाच जातात. आठव्या मजल्यावर समोरासमोर दोन भोजनदालनं होती, उजवीकडे 'किनारा' आणि डावीकडे 'क्षितिज'. दोन्हीकडचे पदार्थ अगदी तेच. फक्त किनाराच्या काचांमधून मुंबई दिसत होती. पूर्व उपनगरांतल्या सात ज्येष्ठ नागरिक संघांची सहाशे एकतीस माणसं जहाजावर पाऊल ठेवताच किनाराकडे वळली आणि खुर्च्यांवर रुमाल टाकून मोकळी झाली.

'समतोलक' नावाची संगणकप्रणाली त्यांना तासाभरापासून तिथून उठवू पाहत होती. ती कुणाला हुकूम करत नसे. माणसांना त्यांच्या नकळत जरासं ढकलत असे, आणि या ढकलण्याला इरावतीच्या चमूनं 'सूक्ष्मप्रेरणा' असं भारदस्त नाव दिलं होतं. समतोलकानं किनारामधली हवा गार केली. आज्यांनी पिशव्यांतून शाली काढल्या, आजोबांनी कानटोप्या. समतोलकानं वाढप मंद केलं, तर टेबलाटेबलांवर चिवड्याचे आणि लाडवांचे डबे उघडले गेले. क्षितिजमधून तळलेल्या सुरमईचा वास आला, तेव्हा आपल्याकडची सुरमई अजून यायची आहे एवढीच चर्चा झाली. मग प्रत्येकाच्या मनगटपट्टीवर संदेश झळकला, की क्षितिजमध्ये अजिबात रांग नाही. रांग नाही म्हणजे तिथलं जेवण यथातथाच असणार, यावर सातही संघांचं एकमत झालं. सात संघांचं एकमत ही गोष्ट सहसा होत नाही.

सहा देशांतल्या गर्दीवर प्रणालीच्या चाचण्या झाल्या होत्या. रुमाल टाकून बसलेल्या माणसावर मात्र चाचणी घ्यावी, हे कुणालाच सुचलं नव्हतं. इरावतीलाही नाही, आणि ती तर भांडुपला वाढलेली. तिला स्वतःचाच संताप येत होता.

तिचा फोन तिसऱ्यांदा वाजला. अण्णांचा होता. तिचे वडील रघुवीर तोरसकर हे त्या सात संघांचे चिटणीस. मुलीचं जहाज म्हणून या सफरीचा घाट त्यांनीच घातला होता. खिडकीजवळ तिच्यासाठी जागा धरून ते केव्हापासून वाट पाहत होते. जेवण इथंच मागवलंय, असं तिनं त्यांना दोनदा सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण ते जेवण चाळीस मिनिटं झाली तरी आलं नव्हतं. सकाळी साडेपाचच्या चहावर होती ती.

"मॅडम, तुम्ही जेवून या," डॉमनिक घोन्साल्विस म्हणाला. वसईचा डॉमनिक तिचा सहायक अभियंता होता आणि तिच्या येरझारांनी आता त्यालाच गरगरायला लागलं होतं. "इथं बसून तुम्ही कुणाला ढकलणार आहात?"

ती गेली.

अण्णांनी तिच्यासमोर ताट सरकवलं, पण स्वतः जेवेनात. त्यांचं लक्ष पाण्याच्या पेल्याकडे होतं. पाणी एका कडेला जवभर वर चढलं होतं. मालवाहू जहाजांच्या तळाशी, पंपांच्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं.

"इरा, जहाज कललंय. टाक्यांत पाणी का घेत नाहीत?"

"टाक्याच नाहीत, अण्णा."

मग तिला सांगावंच लागलं. जहाज सरळ उभं राहावं म्हणून तळाशी जे वजन भरतात त्याला खलाशी नीरम म्हणतात. अण्णांच्या जहाजांवर हे नीरम म्हणजे समुद्राचं पाणी. एका बंदरात टाक्या भरायच्या, दुसऱ्या बंदरात सोडायच्या. त्या पाण्याबरोबर एका समुद्रातल्या गोगलगायी, शेवाळं, रोगजंतू दुसऱ्या समुद्रात पोचतात आणि तिथली मासळी संपवतात. हे अण्णांना ठाऊक होतं; तसलं पाणी त्यांनीच कितीतरी बंदरांत सोडलं होतं. म्हणून इरावतीनं टाक्याच काढून टाकल्या. हलक्या धातूच्या जहाजाला नीरम थोडं लागतं, आणि जे लागतं ते जहाजावर आयतंच असतं.

"कुठं आहे?" अण्णांनी विचारलं.

"हे काय, बसलंय सगळं. अठराशे माणसं म्हणजे सव्वाशे टन, तेही आपल्या पायांनी इकडून तिकडे जाणारं. कोण कुठं जेवायला बसतं, एवढं जमवलं की जहाज सरळ राहतं."

"म्हणजे तो गार वारा तू सोडलास," अण्णा म्हणाले.

"प्रणालीनं सोडला."

"आणि सरळ सांगितलं असतं तर?"

सरळ सांगायची तिला परवानगी नव्हती. आपण वजन म्हणून भरले गेलोय हे कळल्यावर तिकीट कोण काढील? शिवाय सरावात एकदा सांगून पाहिलं, तर सगळेच्या सगळे उठून पलीकडे गेले आणि जहाज दुसऱ्या अंगाला कललं. हे सांगता सांगता तिचा आवाज चढला. मी काय बनवतेय हे नऊ वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, असं तिच्या तोंडून निघून गेलं. अण्णा म्हणाले, विचारलं की तू घाईत असायचीस. आई गेली त्या वर्षीही घाईतच होतीस. ती भातात बोटं घालून तशीच बसली आणि रडली, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हे किती वर्षांनी झालं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"किती वाजेपर्यंत सरळ हवंय तुला?" त्यांनी विचारलं.

"सव्वादोन."

अण्णांनी खुर्चीवरचा रुमाल खिशात घातला आणि उठले. प्रत्येक टेबलाशी वाकून त्यांनी तेच वाक्य सांगितलं, की माझ्या मुलीचं जहाज आहे, तिला पलीकडे माणसं हवीत. कारण कुणीच विचारलं नाही. शाली, डबे, अर्धी जेवलेली ताटं सांभाळत सहाशे एकतीस माणसं मधला पट्टा ओलांडून क्षितिजमध्ये गेली. सव्वादोनला वळण झालं तेव्हा पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही.

इरावतीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. प्रणालीला जे जमलं नाही ते अण्णांनी एका वाक्यात केलं, असं ती जेवण उरकून जिना चढताना स्वतःशी मोठ्यानं बोलली. नियंत्रण कक्षात आल्यावर तिनं हेच डॉमनिकला सांगितलं. तो हसला नाही. त्यानं प्रणालीची निर्णयनोंद तिच्यापुढे उघडली.

बारा चौदाला समतोलकानं नोंदवलं होतं, की प्रवासी ७१२ उठला तर आणखी सहाशे तीस जण उठतात. बारा एकतीसला, की ७१२ कोणत्याही सूक्ष्मप्रेरणेला दाद देत नाही. बारा तेहतीसला, की ७१२ ज्या व्यक्तीसाठी उठेल अशी एकच व्यक्ती जहाजावर आहे, कर्मचारी ९. पुढच्या सगळ्या ओळी कर्मचारी ९ बद्दल होत्या. जेवण रोखलं. ७१२चे फोन ताबडतोब जोडून दिले, इतरांचे मागे ठेवले. उपाशी अवस्थेत कर्मचारी ९ खरं बोलून टाकण्याची शक्यता, ब्याऐंशी टक्के.

प्रवासी ७१२ म्हणजे अण्णा आणि कर्मचारी ९ म्हणजे ती. जिथं कमीत कमी ढकलून जास्तीत जास्त वजन हलेल तिथं ढकलावं, हा नियम तिनंच लिहिला होता. त्यातून कर्मचाऱ्यांना वगळावं, असं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. जहाजावर जो चढला त्याला वजन आहे, एवढंच समतोलकाला माहीत होतं.

"तुम्ही रडाल, असं काही लिहिलेलं नाहीय त्यात," डॉमनिक म्हणाला. तिचे लाल डोळे पाहून त्याला तिला धीर द्यायचा होता.

तिचं लक्ष शेवटच्या ओळींकडे होतं. तीन वाजत आले होते आणि कल आता डावीकडे एक अंश झाला होता. दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या उजव्या अंगाला दुपारचं ऊन लागत होतं, म्हणून उरलेले प्रवासीही सावलीला डावीकडे सरकले होते. साडेतीनला मोकळ्या समुद्रावर पश्चिमेचा वारा लागला की तो जहाजाला आणखी डावीकडे रेटणार होता. समतोलकाचं त्यावरचं उत्तर तयार होतं. विनंती दुसऱ्यांदा केल्यास यश, एकोणीस टक्के. मंडळी जेवून सुस्तावली आहेत. तीन वीसला कर्मचारी ९ या नोंदी प्रवासी ७१२ला सांगेल. ७१२ चिडून उजवीकडे निघून जाईल. सहाशे तीस जण मागोमाग.

इरावतीनं ते पुन्हा वाचलं. सांगितलं तर ती प्रणालीच्याच मनासारखं वागणार होती. लपवलं तर दुपारी पाठीवर ठेवलेला तो हात आयुष्यभर तिला चोरीचा वाटला असता, आणि वर जहाज कललेलं राहिलं असतं ते वेगळंच. ती उठली, बसली, पुन्हा उठली. तिसरं काही करता येईल का, हे शोधण्यात वीस मिनिटं गेली. मग ती खाली उतरली.

अण्णा क्षितिजच्या सावलीत चहा घेत होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जेवण कसं रोखलं, फोन कसे जोडले, आणि हे आत्ताचं सांगणंही यादीत आहे, तेही सांगितलं.

"मग आपण बोललो ते?" अण्णांनी विचारलं.

"बोललो ते आपणच. बोलायला बसवलं त्यानं."

"आणि आता मी रागवायचं आहे."

"हो."

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना राग आला की त्या लाल होतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी चहा तसाच ठेवला, पिशवी उचलली आणि किनाराकडे चालू लागले. मागं खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू झाले.

ती त्यांच्यामागे दोन पावलं गेली. "अण्णा, रागावून जाताय, की माझ्यासाठी?"

ते थांबले, पण वळले नाहीत.

"तुझ्या यंत्राला विचार," ते म्हणाले, आणि गेले.

तिचा फोन वाजला. डॉमनिक होता. कल शून्यावर येतोय, असं त्यानं सांगितलं आणि काय केलंत म्हणून विचारलं. खरं सांगितलं, एवढंच ती म्हणाली. माणसं शाली, डबे नि चहाचे कप सांभाळत तिच्या दोन्ही बाजूंनी जात होती. त्यांच्यात राग कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हता. एक आजी तिच्यापाशी थांबल्या आणि त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"आता परत तिकडे माणसं हवीत होय? मग नुसतं सांगायचंस की, बाळा. आम्ही काय, कितीही वेळा उठू."

नोंदीतले ते एकोणीस टक्के आठवले आणि इरावतीला त्यांच्याकडे बघवेना. त्या पुढं गेल्या तरी ती तिथंच उभी राहिली.